खोडलेला गळा

प्रश्न:

"माझं वय ४३. गेल्या दहा-अकरा वर्षांतल्या आमच्या घरातल्या एकाही फोटोत मी नाही, कारण फोटो मी काढते. कुणी म्हणालंच, 'आता तू उभी राहा, मी काढतो,' तर मला लगेच काहीतरी काम आठवतं. दोन बाळंतपणं, मग थायरॉइड, मग एका आजारपणात घ्यावी लागलेली स्टिरॉइड्स. शरीर बदललं ते बदललंच. हनुवटीखाली जे साठलंय ते मला आरशात सगळ्यात आधी दिसतं.

माझी एक जुनी मैत्रीण चित्रकला शिकतेय. त्यांच्या वर्गात जोडीनं करायचं एक काम आहे. दोघांनी एकमेकांचं पोर्ट्रेट करायचं आणि आपल्या चित्रावर समोरच्यालाही हात चालवू द्यायचा. तिनं विचारलं, मी भिडेपोटी हो म्हटलं. पहिल्या बैठकीत तिनं चारकोलनं माझा चेहरा काढला. तो पाहिला आणि माझ्या पोटात गोळा आला. ती म्हणाली, 'तुला हवं ते बदल, त्यासाठीच तर आहे हे.' मी खोडरबर घेतला. हनुवटीखालचं पुसलं. मग गाल जरा आत घेतले. मग पुन्हा हनुवटी. शेवटी पाहते तर गळाच उरला नव्हता, नुसतं डोकं हवेत. ती काही बोलली नाही. मी घरी येऊन रडले. तीन आठवडे झाले, तिच्या मेसेजना उत्तर दिलेलं नाही. खरं सांगा, तिनं काढलंय तशी मी दिसते का? आणि मी परत जाऊ का?"

– फोटो काढणारी

उत्तर:

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. जा. चित्र पूर्ण झाल्यावर तुम्ही स्वतःला सुंदर वाटायला लागाल म्हणून जा, असं मात्र मी म्हणत नाही. वाटाल किंवा नाही वाटणार, त्याची हमी मी कशी देऊ? जा, कारण एक काम अर्धवट पडलंय आणि त्यात एका माणसाचा गळा गायब आहे.

आता पहिला प्रश्न. तुम्ही तशा दिसता का? हातच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणतात. चेहऱ्याला मात्र लागतोच, आणि तिथेच सगळा घोटाळा आहे. आपला चेहरा आपण जन्मात कधी थेट पाहिलेला नसतो. आपण पाहतो ते आरशातलं उलटं रूप किंवा कॅमेऱ्यातलं चपटं रूप, आणि त्यावरून निकाल देऊन मोकळे होतो.

एक प्रयोग करून पाहा. अंघोळीनंतर आरशावर वाफ धरलेली असते तेव्हा समोर उभ्या राहा, एक डोळा मिटा आणि अजिबात न हलता आरशातल्या चेहऱ्याची बाहेरची रेघ बोटानं गिरवा. मग पट्टी घेऊन ती मोजा. ती तुमच्या चेहऱ्याच्या बरोब्बर निम्मी भरेल. आरशापासून दोन पावलं मागे जाऊन, हात पुरत नसेल तर तुम्ही सांगाल तशी कुणाकडून गिरवून घेतली, तरी निम्मीच. माझा यावर विश्वास नव्हता, मी मोजून पाहिलं. रोज ज्याच्यासमोर उभं राहायचं त्या आरशातला चेहरा निम्म्या मापाचा आहे, हे इतकी वर्षं डोळ्यांना कळलं नाही. मग हनुवटीखाली नेमकं किती साठलंय याबद्दलची डोळ्यांची साक्ष कितपत धरायची?

आणखी एक. १९७७ साली अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थिनींना त्यांच्याच चेहऱ्याचे दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखा उलटा. बहुतेकींना स्वतःचा उलटा फोटो आवडला. त्यांच्या जवळच्या मैत्रिणींना सरळ आवडला. कारण साधं आहे, डोळ्यांना सवयीचं ते बरं वाटतं, आणि आपल्याला आपली सवय आहे ती उलट्या रूपाची. म्हणजे तुमच्या मैत्रिणीनं डावं-उजवं अगदी बिनचूक काढलं असतं तरी तुम्हाला ते कुठेतरी खटकलंच असतं. तिला ओळखीचा असलेला चेहरा तुमच्या ओळखीचा नाही.

कॅमेरा तरी खरं सांगतो का? जवळून काढलेल्या सेल्फीबद्दल २०१८ मध्ये एक हिशेब प्रसिद्ध झाला. १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं, ५ फुटांवरून जवळजवळ जसं आहे तसं. लेन्सचा यात काही दोष नाही. इतक्या जवळून पाहिलं की चेहऱ्याचा पुढचा भाग मोठा आणि कान मागे गेलेले दिसणारच. फोनमध्ये स्वतःला पाहून ज्यांना रडू येतं त्यातल्या कितीतरी जणांना खरं तर अंतर नडलेलं असतं.

आता मैत्रिणीच्या चित्राकडे येऊ. ती शिकाऊ आहे हे विसरू नका. शिकाऊ हात एक चूक हमखास करतो. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, पण नवशिका ते वर काढतो, कारण कपाळात आणि केसांत त्याला 'बघण्यासारखं' काही वाटत नाही. (मी पन्नाशीनंतर पेन्सिल धरली. माझ्या पहिल्या आत्मचित्रात माझे डोळे शब्दशः कपाळात गेले होते.) डोळे वर सरकले की कवटी आखूड होते आणि चेहऱ्याचा खालचा भाग, म्हणजे गाल, जबडा, हनुवटी, पसरतो. त्यात खोलीतला दिवा डोक्यावर असला तर डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली गडद सावली पडते, आणि चारकोल हातात असला की ती सावली दाबून भरायचा मोह कुणाला आवरत नाही. तुम्हाला धक्का बसला त्यात थोडा वाटा तुमच्या शरीराचा असेल, थोडा वरच्या दिव्याचा आणि थोडा तिच्या कच्च्या हाताचा. पुढच्या वेळी एका बाजूच्या खिडकीशी बसा आणि तिला म्हणावं, डोळ्यांची जागा मोजून घे.

पण म्हणून 'छे, तुम्ही अजिबात तशा नाही' असं म्हणून तुमची समजूत काढणार नाही. तुम्ही सांगताय ते सगळं शरीरातून गेलेलं आहे. स्टिरॉइड्सनी चेहरा भरतो, बाळंतपणानं अंग बदलतं. हनुवटीखाली मांस असेल तर आहे. ॲलिस नील या अमेरिकन चित्रकर्तीनं वयाच्या पंचाहत्तरीत स्वतःचं चित्र सुरू केलं आणि १९८० साली, ८० वर्षांची असताना संपवलं. पट्ट्यापट्ट्यांच्या खुर्चीत, अंगावर एकही कपडा नाही, हातात कुंचला, पोट आणि छाती वयानं जिथे आणून ठेवली तिथे. तुम्हाला एवढं काही करायचं नाही, घाबरू नका. पण पाच वर्षं लागली तिला, तेही आयुष्यभर दुसऱ्यांची पोर्ट्रेट्स केलेल्या बाईला. तुम्ही एका बैठकीत कोलमडलात तर त्यात नवल नाही.

आता तो खोडरबर. मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त रस तिथे आहे.

पुसताना तुम्ही कुठे पाहत होतात? पैजेवर सांगते, कागदाकडे. आरशाकडे नाही, स्वतःच्या गळ्याला हातही लावून पाहिला नसेल. म्हणजे तुम्ही चित्र काढत नव्हता, तक्रार निवारत होता. आणि तक्रार अशी असते की हनुवटी पुसली की ती गालावर सरकते, गाल पुसला की परत हनुवटीवर. गळा गेल्यावरच थांबली, कारण पुढे कागद उरला नाही.

असं करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. १९५४ साली विन्स्टन चर्चिलच्या ऐंशीव्या वाढदिवशी ब्रिटिश संसदेनं त्याला ग्रॅहम सदरलंडनं केलेलं त्याचं पोर्ट्रेट भेट दिलं. खुर्चीत घट्ट बसलेला, थकलेला म्हातारा. चर्चिलला ते मुळीच आवडलं नाही आणि पुढे घरच्यांनीच ते गुपचूप नष्ट केलं. लढाया जिंकून दिलेल्या माणसाची ही गत, तर आपलं काय! पण चर्चिलला त्या चित्रावर हात चालवायची सोय नव्हती. समोर बसायचं आणि निकाल लागला की सोसायचा, एवढंच त्याच्या हाती होतं. पोल सेझान या फ्रेंच चित्रकारानं १८९९ मध्ये आंब्रुआझ व्होलार या चित्रविक्रेत्याला समोर बसवलं तेव्हा तो हलला की सेझान खवळायचा, सफरचंद कधी हलतं का, म्हणून. व्होलारनं लिहून ठेवलंय की अशा ११५ बैठका झाल्या आणि तरी चित्र पुरं झालं नाही. हे पोर्ट्रेटचं जुनं घराणं. बघणारा एक, बघितला जाणारा एक, आणि बघितल्या जाणाऱ्यानं सफरचंद व्हायचं.

तुमच्या मैत्रिणीनं तुम्हाला सफरचंद व्हायला सांगितलेलं नाही. रिव्हा लेरर नावाची एक अमेरिकन चित्रकर्ती आहे, १९५८ साली पाठीच्या कण्यातलं जन्मजात व्यंग घेऊन जन्मली. लहानपणापासून तिच्या शरीराकडे डॉक्टरांनी, रस्त्यावरच्या लोकांनी परवानगी न विचारता बघितलेलं. ती दुसऱ्यांची पोर्ट्रेट्स करायला लागली तेव्हा, नुसतं बघणाऱ्याच्या जागी आपणही बसायचं का, हा प्रश्न तिला टाळता येण्यासारखा नव्हता. म्हणून ती आधी त्या माणसाशी भरपूर बोलते, चित्रात काय यावं हे दोघांनी ठरवायचं. 'द रिस्क पिक्चर्स' नावाच्या मालिकेत तर ती काम अर्धवट ठेवून स्वतःच्या घरातून निघून जाते. समोर बसलेली व्यक्ती त्या घरात, त्या चित्राजवळ एकटी. त्या वेळात तिनं चित्रात काहीतरी बदल करायचाच, अशी अट. धोका दोघांचा. एकाला आपलं घर आणि काम दुसऱ्याच्या हवाली करायचं असतं, दुसऱ्याला आपल्या चेहऱ्याच्या चित्राला हात लावायचा असतो.

त्या वेळात कुणी नुसतं पुसून काढायचं ठरवलं, तर तेही चालेल. चित्र त्याचंही आहे. तुम्ही पुसलंत हा गुन्हा नाही. पण पुसून तुम्ही तिला काहीच सांगितलं नाहीत. 'इथे मी अशी नाही, अशी आहे' हे म्हणायला रेघ मारावी लागते, आणि रेघ मारायला बघावं लागतं.

म्हणून पुढच्या बैठकीला तुमच्या चित्राला आधी हात लावू नका. आधी तिला बसवा आणि तिला काढा. 'मला चित्र येत नाही' हे मी ऐकणार नाही, येत नसलं तर उत्तमच. पेन्सिल धरल्यावर पाच-सात मिनिटांत एक गंमत होते. नाक मोठं की लहान, हा प्रश्न तिथे टिकतच नाही. त्याच्या जागी दुसरे प्रश्न येतात. नाकपुडीची बाहेरची कड डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या सरळ खाली येते की थोडी बाहेर? कानाची पाळी ओठांच्या वर आहे की नाकाच्या टोकाच्या रेषेत? कान आणि खांदा यांच्यामध्ये जी रिकामी जागा आहे तिचा आकार कसला, त्रिकोण की काय? ही रिकामी जागा जरूर काढा. तिला नाव नसतं, तिच्याबद्दल कुणी कधी टोमणा मारलेला नसतो, म्हणून डोळा तिथे खोटं बोलत नाही. तिच्या हनुवटीखालीही घडी असेल. तुम्ही ती रेघ कुठून निघते आणि कुठे मिटते हे शोधत असाल आणि त्या शोधात ती घडी 'वाईट' आहे हे मनात यायला फुरसत मिळणार नाही. तुम्ही तिच्याकडे जसं बघाल तसंच ती तुमच्याकडे त्या दिवशी बघत होती. हे मी नुसतं सांगून तुम्हाला पटणार नाही, हातात पेन्सिल घेऊनच पटेल.

मग तुमच्या चित्राकडे या. खोडरबर पिशवीत. तिनं काळा चारकोल वापरलाय, तुम्ही विटकरी खडू घ्या, म्हणजे कोणती रेघ कुणाची हे उघड राहील. दुसऱ्या हातात छोटा आरसा. नियम एकच ठेवा, आरशात पाहिल्याशिवाय कागदावर रेघ नाही. तिची रेघ पटली नाही तर तिच्या शेजारी तुमची मारा, तिची मिटवू नका. दोन गाल झाले तर होऊ देत. मला तर अशा दुहेरी रेघांची पोर्ट्रेट्स गुळगुळीत चित्रांपेक्षा जास्त आवडतात, त्यात वाद ऐकू येतो.

गळ्यापासून सुरू करा. गळा नळीसारखा सरळ उभा नसतो, तो मागून पुढे कललेला असतो, त्यामुळे मानेचा मागचा तळ वर आणि पुढची खळगी बरीच खाली असते. मान एका बाजूला वळवून आरशात पाहा. कानामागून एक जाड दोरीसारखा स्नायू तिरका उतरतो आणि त्या खळगीपाशी येऊन टेकतो. बोटानं चाचपला तर लगेच सापडेल. अंगावर कितीही मांस असलं तरी तो तिथे आहे, याच क्षणी तुमचं डोकं वळवतोय. तुम्ही दहा वर्षं त्याच्यावरच्या त्वचेकडे बघून हळहळताय आणि त्याची साधी विचारपूसही केलेली नाही.

काही बारीकसारीक. वीस-पंचवीस मिनिटांनी उठा, पाय मोकळे करा. बसायची सवय असलेली मॉडेल्ससुद्धा यापेक्षा जास्त वेळ ताणत नाहीत. दोघींचे डोळे एका पातळीवर असू देत, ती उभी आणि तुम्ही खाली असं नको. बसल्या बसल्या बोला, चित्र बिघडत नाही. आणि तिला आधीच सांगून ठेवा, 'किती गोड आलीयस' असलं काही बोलायचं नाही. कौतुकसुद्धा मापच काढतं. तिनं जे दिसतं ते सांगावं, 'डावी भुवई उजवीपेक्षा वर आहे गं,' असं. चाळिसाव्या वर्षानंतर स्वतःबद्दल काही नवं कळायची संधी फार येत नाही.

आता एक गोष्ट जरा कडक शब्दांत. दिवसातून तासन् तास आरशात किंवा मनात हे चालू असेल, घराबाहेर पडणं टाळलं जात असेल, जेवण बुडवणं किंवा खाल्लेलं उलटून काढणं होत असेल, किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर पोर्ट्रेट बाजूला ठेवा आणि आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. शरीरातल्या एखाद्या खऱ्या किंवा कल्पित उणिवेनं माणसाला असं घेरून टाकणं याला वैद्यकात बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. त्यावर बोलण्याच्या उपचारपद्धती आहेत, औषधं आहेत, आणि ती लागू पडतात. चित्र काढणं हा त्याला पर्याय नाही. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटलं नाही, पण पत्रात सगळं कुठे मावतं? दहा वर्षं फोटो टाळणं हा काही लहान काळ नाही, एवढं स्वतःशी मान्य करा.

आणि आता मैत्रीण. 'ती काही बोलली नाही' याचा अर्थ तुम्ही लावलात की ती दुखावली किंवा तिला तुमची कीव आली. मला दुसरंच दिसतं. एका शिकाऊ बाईनं तासभर खपून काहीतरी काढलं. तिच्या डोळ्यांदेखत ते पुसलं गेलं, आणि पुसणारी रडवेली झाली. आता 'थांब' म्हणावं तर तीच म्हणाली होती हवं ते बदल. गप्प बसण्याशिवाय तिच्या हातात होतं काय? तिच्या मनात तेव्हापासून एकच असणार, आपण हिला इतकं वाईट काढलं का? तीन आठवडे उत्तर न देऊन तुम्ही त्याला 'हो' म्हणताय. पुसल्याबद्दल माफी मागायची गरज नाही. गप्प राहिल्याबद्दल मात्र मागा, आणि आजच.

लांबलचक मेसेज लिहू नका, तो तुम्ही पाच वेळा खोडाल, तुमची खोड मला आता कळलीय. एवढंच लिहा, 'इतके दिवस गप्प राहिले, चुकलं. गळा परत काढायचाय. या वेळी आधी तू बसायचं. कधी येऊ?'

जाताना विटकरी खडू दोन न्या, एक मोडतोच. आणि पाय ठेवायला एखादं बुटकं स्टूल मागून घ्या, दुसऱ्या तासाला पायांना मुंग्या येतात.